जांभूळ, करवंद आणि बारा बाटल्यांचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही मला पिकलेल्या जांभळाचा वास येतो. तेव्हा माझी नेमणूक मुरबाड भागातल्या पोलीस ठाण्यात होती. दसरा जवळ आला होता आणि ऊन नुसतं भाजत होतं.

एका फार्महाऊसच्या मालकांचा तक्रार अर्ज आला. मुंबईचा हौशी माणूस. पाहुण्यांना फ्रान्स, इटली, नाशिक अशा ठिकठिकाणच्या वाइन चाखवायचा त्यांना भारी नाद. त्या रविवारी बारा बाटल्या उघडल्या आणि पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली. मालकांचं म्हणणं, रखवालदाराने बुचातून सुई घालून चांगली वाइन काढली आणि हलकी भरली. त्यात जीप स्टँडवरच्या खबऱ्याने कानावर घातलं, "साहेब, भरदुपारी त्याला दारूचे खोके भायेर काढताना बगितला." मला वाटलं, संपली केस.

रखवालदाराला ठाण्यात बोलावलं. बारा वर्षं एकाच जागी इमानाने राबलेला माणूस. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेली असती आणि गावात तोंड दाखवणं अवघड झालं असतं.

"बाटल्या उघडल्यास का?"

"नाय साहेब."

"खोके कुठे विकलेस?"

"कुठंच नाय नेले साहेब. मालकांच्या घरीच व्हते."

दोन तास हेच चाललं. मी चिडलो होतो.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. फार्महाऊसवर स्वयंपाक आणि भांडी तिच्याकडे. टेबलावरच्या जप्त बाटल्या हुंगून ती ठासून म्हणाली, "दारू तीच हाय. मी पीत नाय, पन गिलास धुवायच्या आधी वास घेते. आमी तांदूळबी वासावरच घेतो."

तिची परीक्षा घ्यायची ठरली, तेव्हा मालक ठाण्यात आले आणि त्यांनी मुंबईहून त्याच वाइनच्या नव्या बाटल्या मागवल्या. चहाचे ग्लास मांडले. आमचे हवालदार सरकारी काम म्हणून चाखायला पुढे झाले, त्यांना मी मागे बसवलं. बाईंचे डोळे रुमालाने बांधले आणि एकेक ग्लास त्यांच्या नाकाशी धरला.

"ही पांढरी. कैरी, कोयीजवळची. ही तांबडी जांभळाची, खाली ओलं लाकूड. ही करवंदाची."

मालक लेबलावरचं वासाचं वर्णन वाचत होते आणि त्यांचे डोळे मोठे होत होते. सगळ्या बरोबर! मग मी जप्त बाटलीतली वाइन पुढे केली.

"हेच जांभूळ. पन शिजलेलं. उन्हातलं."

"उन्हात कोणी ठेवलं?"

"आमीच की! खोक्यांना बुरशी धरली व्हती. गोधड्या, डाळी, लोणच्याच्या बरण्या, समद्याला ऊन दावलं, तसं ह्यांनाबी धा दिवस अंगणात दावलं."

मी बाटल्या फिरवून पाहिल्या. प्रत्येक लेबल एकाच बाजूने विटलं होतं. पंचनाम्यात ते लिहिलेलं होतं, मीच लक्ष दिलं नव्हतं. मालक पोट धरून हसले. उन्हाने वाइन बिघडते, बाटल्या गार अंधारात ठेवायच्या, हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी रखवालदाराचे हात धरून माफी मागितली. तो मात्र बायकोकडे बघत होता. इतका आनंद ठाण्यात मी क्वचितच पाहिला.

उघडल्यास का, विकल्यास का, हे मी दोन तास विचारलं. ठेवल्यास कुठे, हे एकदाही नाही. त्यानंतर प्रत्येक तपासात तो प्रश्न मी आधी विचारला.

आता त्या फार्महाऊसवर पाहुण्यांना वाइनची ओळख त्या बाईच करून देतात. निवृत्तीनंतर मीही गेलो. एक घोट घेतला आणि साहेबी थाटात म्हणालो, "जांभूळ."

"करवंद, साहेब," त्या हसून म्हणाल्या. "तुमी अजूनबी लय घाई करता."