चिंचेवरची वटवाघळं

बोरीवलीच्या पोस्टातला तो कारकून दर शनिवारी संध्याकाळी आम्हा चारपाच जणांना जुन्या चिंचेवरची वटवाघळं दाखवायला न्यायचा. झाड जवळ आलं की वहाणा काढून हातात घ्यायचा. "हळू रे, आता उठतील." मग आभाळ पंखांनी भरायचं.

नवी चाळ बांधायला ती चिंच तोडणार, असं कळल्यावर मी संतापून पत्रक छापलं, त्यात जागेचा पत्ताही ठोकला. झाड वाचलं. पण पत्ता वाचून वटवाघळांच्या चरबीतून सांधेदुखीचं तेल काढणारे जाळी घेऊन आले. त्यांच्या हातून सुटलेली वटवाघळं परतली नाहीत.

तो अजून शनिवारी जातो, वहाणा हातात घेऊनच रिकाम्या झाडाखाली थांबतो. मी माफी मागितली तेव्हा वर बघतच म्हणाला, "तू लिहितोस झकास. आता त्यांना परत बोलावणारं पत्रक लिही ना."