नानामिस्त्रींचं घुंगरू

नानामिस्त्री जेवतानासुद्धा एक कान इंजिनाकडे ठेवून जेवायचे. त्यानं मान कायमची डावीकडे कलली होती. खाणीवर नवीन आलेला माणूस हमखास विचारायचा, "नाना, मान धरली का?" नाना घास गिळून म्हणायचे, "मी नाही मान धरली भो, इंजिनानं मला धरलंय."

लळिंगच्या घाटाखाली सडकेची खडी फोडायची खाण होती. तिथं मी पाट्या उचलायला होतो. उचलत नव्हतो म्हणूनच मुकादमानं मला इंजिनाकडे हाकललं. भट्टीत लाकडं टाकायची, तेल घालायचं, नानांच्या शिव्या खायच्या. त्यातलं तिसरं काम मी मन लावून केलं.

वाफेचं मोठं इंजिन, त्याला माणसापेक्षा उंच चाक, चाकावरून पट्टा थेट खडीच्या मशीनला. इंजिनाच्या डोक्यावर दोन लोखंडी गोळे गरागरा फिरायचे. इंजिन जास्त पळालं की गोळे फाकायचे आणि आपोआप वाफ कमी व्हायची. गोळ्यांना फिरवायला वेगळा बारका पट्टा होता. नानांनी त्या गोळ्यांच्या दांड्याला बैलाच्या गळ्यातलं घुंगरू बांधलं होतं. दिवसभर छुनछुन, छुनछुन. खाणीतल्या बाया म्हणायच्या, इंजिन नाही, नवरीच आणली मिस्त्रींनी.

पहिल्याच आठवड्यात खडीचं मशीन रिकामं पडलं, इंजिन उधळलं आणि घुंगरू असं बोंबललं की मी पाण्याच्या हौदात उडी टाकली. नानांनी मला कॉलर धरून बाहेर काढलं.

"तुझे कान हायेत का केळीचे पानं? वारा आला की हलतात, ऐकू काही येत नाही! घुंगरू वाजत होतं ना? मंग गोळे जागे हायेत. ते आवरतील इंजिनाले. पण इंजिन पळतंय आन् घुंगरू गप झालं, म्हणजे बारका पट्टा निसटला. गोळ्यांना वाटतं इंजिनच थांबलं, ते आणखी वाफ सोडतात. तवा पळायचं आन् हा वाफ बंद करायचा दांडा ओढायचा. नाही ओढला तर ते चाक फुटून बायांच्या अंगावर जाईल. बोंबलणाऱ्याला नको भिऊ. गप झालेल्याला भी."

मी मान हलवली. माझी मान हलवायला नेहमीच तयार असते.

नाना भुसावळकडचे. चार वर्षांत ते दोनदा घरी गेले. ठेकेदार शेटजी माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. "मिस्त्री, इंजिनाचं ऐकणारा दुसरा माणूस दाखवा आणि खुशाल आठ दिवस जा," असं म्हणायचा. दुसरा माणूस म्हणजे मी. त्या साली नानांच्या सरूची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. पोर माहेरी येणार, झोका बांधणार, आठ दिवस राहून सासरी परत जाणार. नाना रोज सांगायचे, "पहिली आखाजी हाये पोरीची. बाप दारात पाहिजे." आणि रोज मला शिकवायचे. डोळे बांधून, पाठ फिरवून, कानाखाली वाजवूनसुद्धा.

आता माझं पाप सांगतो. शिमग्याच्या सुमाराला मला ऐकू यायला लागलं. घरी भाकर खात होतो, खाण कोसभर लांब, तरी डोक्यात छुनछुन. बायको माझ्याकडे बघतच राहिली. "काय व्हयनं तुमनी मानले?" मी हात लावून पाहिलं. मान डावीकडे कलली होती.

मी हातातली भाकर ताटात ठेवली. एकदा हे येतं म्हटलं की सुटका नाही. नाना जातील, आणि या घुंगराला जन्मभर मी बांधला जाईन. मी मान सरळ केली आणि ठरवलं, आपल्याला काही येत नाही. सोंग जड गेलं नाही. अडाणीपणा घरचाच होता.

आखाजीला आठ दिवस राहिले तेव्हा शेटजी स्वतः परीक्षा घ्यायला आले. मला इंजिनाकडे पाठ करून उभं केलं. नानांनी मागून हळूच बारका पट्टा काढला. घुंगरू गप झालं. इंजिनाचा श्वास वाढला. माझे तळहात खाजायला लागले, पाय पुढे निघाला, तो मी जमिनीत रोवला.

"बोल रे," शेटजी म्हणाले.

"बठ्ठं ठीक शे, शेटजी!"

नानांनीच धावत जाऊन दांडा ओढला. शेटजींनी कपाळाला हात लावला आणि टांग्यात बसून निघून गेले. नानांनी मला केळीच्या पानापासून सुरुवात करून माझ्या आजोबांपर्यंत शिव्या दिल्या. मी मनात म्हटलं, द्या नाना, अजून द्या, तेवढंच माझं ओझं हलकं होतं.

आखाजीला खाणीला एकच दिवस सुट्टी. तेवढ्यात भुसावळला जाऊन परत येणं होत नव्हतं. मी घरून सांजोऱ्या घेऊन गेलो. नाना थंड इंजिनापाशी बसले होते. एक सांजोरी खाल्ली, दुसरी फडक्यात बांधली. "सरूला लई आवडतात," म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी ती फडक्यातून सोडून मला दिली. मी ती खाल्ली. मी असा माणूस आहे.

पुढच्या आठवड्यात, सरू सासरी परत गेल्यावर, नाना बादली घेऊन विहिरीवर गेले होते. चाकाशेजारून चार बाया पाट्या घेऊन चालल्या होत्या. घुंगरू गप झालं. मला काही कळायच्या आत मी तिथं होतो आणि दांडा माझ्या हातात होता, ओढलेला. चाक धापा टाकत थांबलं. बायांना काही पत्ता नाही, त्या हसत पुढे गेल्या.

मागे वळलो तर नाना बादली घेऊन उभे.

"कवा आलं?"

"शिमग्याला."

मी शिव्यांची वाट बघितली. मान खाली घालून, कान पुढे करून उभा राहिलो. नानांनी बादली खाली ठेवली. हात धुतले. खिळ्यावरची टोपी घेतली आणि स्टेशनची वाट धरली. चाळीसगावला गाडी बदलून भुसावळ. एक शब्द नाही बोलले. मी मागे पळत गेलो, "नाना, केळीचे पानं म्हणा, काही तरी म्हणा!" ते चालत राहिले.

नाना पुन्हा आले नाहीत. शेटजींनी मला मिस्त्री केलं. आता माझी बहीण आखाजीला येते आणि जाते, मी खाणीवर असतो. मान डावीकडे गेली ती गेलीच. लोक विचारतात, मान धरली का? मी नानांचंच उत्तर देतो. लोक हसतात.

घुंगरू अजून तेच आहे, दिवसभर छुनछुन करतं. त्याच्या आडून मी विहिरीच्या वाटेकडे कान लावतो. कुणीतरी बादली घेऊन येईल आणि मला शिवी देईल.