दाबलेली गोधडी
कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की बोरिवलीची आमची गॅलरी आठवते. मी तेव्हा मोबाइल गेमसाठी टेक्श्चर, म्हणजे त्यातल्या भिंतींवर, कपड्यांवर चढवायची चित्रं, बनवायचे. गेममधल्या एका खाटेसाठी मला खऱ्या गोधडीचा फोटो हवा होता. आईने कपाटातली लाल गोधडी काढली आणि ग्रिलवर पसरून एका कोपऱ्याला धरून उभी राहिली. “आई, बोट काढ ना, फोटोत येतंय.” “सोडली तर खाली चिखलात पडेल. मग धुणार कोण, तू?” बोट तसंच राहिलं. मालाडच्या ऑफिसात सीनियर म्हणाला, “फाइल जड आहे यार, फोन अडकेल. दाब अजून.” फाइल दाबली की चित्राचे बारीक चौकोन पडतात आणि प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला मोजकेच रंग येतात. आईचं बोट आपसूक लाल कापडात विरलं. झकास काम झालं म्हणून मी मूळ फोटो पुसून टाकला. त्याच वर्षी आई गेली, गोधडीही तिच्या अंगावरच चितेत गेली. आता जुन्या फोनवर तो गेम उघडून मी खाटेचा कोपरा मोठा करून बघते. तिथले चार-पाच चौकोन बाकीच्यांपेक्षा जरा तपकिरी दिसतात. त्यातलं बोट कुठलं आणि कापड कुठलं, ते मलाच ओळखता येत नाही.