एकटीचा फोटो

आधी तो उजवा तळहात उन्हात धरायचा. हात एकदा उलटा, एकदा सुलटा करायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "उजेड हाय. बसा." मग समोर नवरदेव असो, नगरसेवक असो नाहीतर शतक ठोकून आलेला फलंदाज, त्याला बसावंच लागे. उजेड नसेल तर मंत्र्यालाही ताटकळत ठेवील असा हा माणूस. तुमच्याही गावात असा एखादा फोटोग्राफर असेल. नसेल तर तुमचं काहीतरी हुकलं, एवढंच मी म्हणेन.

मी टेनिस क्रिकेटच्या सामन्यांना माईकवर बोलतो. पोटासाठी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, पण उन्हाळ्यात भिवंडीच्या आजूबाजूच्या गावांत सामने लागले की मला ऑफिस दिसत नाही. भाताची जी काही शेतं गोदामांच्या तावडीतून सुटलीत, त्यांच्यावर रोलर फिरतो आणि मैदान तयार होतं. मी मांडवात माईकजवळ, तो सीमारेषेवर टोपी उलटी घालून. माझा धंदा बोलण्याचा, त्याचा गप्प बसण्याचा. त्याचा कॅमेरा जुना होता आणि बटण दाबलं की 'खट्' असा मोठा आवाज यायचा. मी माईकवरून चिडवायचो की फोटोग्राफरसाहेब, जरा हळू, पंचांना वाटतं बॅटची कड लागली. सगळं मैदान हसायचं. तो नुसता तळहात वर करायचा.

जेवणाची सुट्टी झाली की त्याचं खरं काम सुरू व्हायचं. एकेकाला तो बाजूला घ्यायचा आणि त्याचा एकट्याचा फोटो काढायचा. चषक नको, गॉगल नको, मित्राचा हात खांद्यावर नको. हे कशाला, असं पोरं विचारायची. "असू दे. लागतो," एवढंच म्हणायचा.

कशाला लागतो ते मला माहीत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या संघातला एक तरणाबांड गोलंदाज मानकोलीच्या वळणावर कंटेनरखाली गेला. मोबाईलमध्ये त्याचे फोटो ढिगाने, पण एकजात गॉगल घातलेले, जीभ काढलेले नाहीतर चौघांच्या गर्दीतले. भिंतीवर हार घालून लावावा असा एकही नव्हता. शेवटी संघाच्या फोटोतून त्याचा चेहरा कापून ह्याने मोठा केला. अर्धा गाल चषकाआड होता, तो कॉम्प्युटरवर भरून काढला. फ्रेम घेऊन गेला तेव्हा त्या पोराच्या आईने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्यो माझा पोर न्हाय."

त्या दिवसापासून हा माणूस गावागावांत एकेकट्यांचे फोटो काढत सुटला. पुढे सगळ्यांना कळलं तरी कुणी वाईट वाटून घेतलं नाही. उलट म्हाताऱ्या माणसांची रांग लागायला लागली. माझी एक आत्या आहे, तोंडाने भारी फटकळ. ती लेकीच्या लग्नातली साडी नेसून मैदानावर आली आणि त्याला म्हणाली, "नीट काढ रं. मेल्यावर मला बगायला येनार सगळी, ती नावं ठेवतील." फोटो बघून तिने दात दिसतात म्हणून परत काढायला लावला. दर दोन-तीन वर्षांनी ती नवा फोटो काढून घेते. मरणाची एवढी तयारी करून ही बाई अजून ठणठणीत आहे.

ह्या सगळ्यात त्याच्या जोडीला वहिनी असायच्या. त्याचा स्टुडिओ म्हणजे बौद्धवाड्याच्या तोंडाशी एका खोलीचं दुकान. गल्लापेटीजवळ वहिनी बसायच्या आणि शेजारी कंगवा, पावडर, सेफ्टी पिना. आलेल्या माणसाचा भांग त्या नीट करायच्या, पदर सरळ करायच्या आणि मग ह्याच्यापुढे पाठवायच्या. त्यांची एक गंमत होती. कुणालाही मोबाईलवर स्वतःचा फोटो काढू द्यायच्या नाहीत. लग्नाकार्यात कुणी मोबाईल वर केला की पदर तोंडावर. "माझ्या घरात फोटोग्राफर हाय," असं तोऱ्यात सांगायच्या. आणि घरातल्या फोटोग्राफरला बायकोचा फोटो काढायला कधी सवड झाली नव्हती. जगाचं उरकलं की तुझा काढतो, असं तो म्हणायचा. दोघंही त्यावर हसायची.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात वहिनींचं दुखणं निघालं. रक्ताचं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषधं दिली, केस गेले आणि गेल्या उन्हाळ्यात एक दिवस सांगितलं की आता घरी न्या, जे खावंसं वाटतं ते द्या. ह्याने मला ते फोनवर सांगितलं आणि लगेच विचारलं, उद्याचा सामना किती वाजता आहे.

बुद्धपौर्णिमेला त्यांच्या वाड्यात गाण्यांचा कार्यक्रम होता. वहिनी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, अंगात जीव नाही, पण ढोलकी सुरू झाली तशी कोरसबरोबर टाळी धरली त्यांनी. तो नेहमीसारखा फिरत होता. गायकाचे काढले, ढोलकीवाल्याचे काढले, मग रांगेतल्या बायांचे एकेकीचे काढायला लागला. वहिनींची खुर्ची आली तशी ती सोडून पुढच्या बाईकडे गेला. मला आधी वाटलं विसरला. मग वहिनींकडे बघितलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या आणि टाळी थांबली होती.

नंतर त्यांनी समुद्राचा हट्ट धरला. एवढ्या जवळ समुद्र, पण आयुष्यात दोन दिवस किनाऱ्यावर राहिल्या नव्हत्या. मी गाडी काढली आणि वज्रेश्वरीवरून केळव्याला गेलो. सुरूच्या झाडांखाली चटई टाकली. वहिनी मोहरी रंगाची साडी नेसल्या होत्या. स्वतःच्या पिना स्वतःच लावल्या होत्या आणि थोडी पावडरही. म्हणाल्या, "आज काढा माझा. एकटीचा."

त्याने तळहात उन्हात धरला. "ऊन कडक हाय. संध्याकाळी बघू," म्हणाला. संध्याकाळी म्हणाला, उजेड गेला. यंत्रमागाच्या अंधाऱ्या कारखान्यात लख्ख फोटो काढणारा माणूस भर मे महिन्यात समुद्रावर उजेड शोधत होता. मला राहवलं नाही. मी मोबाईल काढला आणि म्हटलं, वहिनी, मी काढतो. त्यांनी पदर तोंडावर घेतला. "न्हाय भावजी. यांनीच काढायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत तशाच तयार होऊन बसल्या. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. "सगळ्या गावाचे काढून ठेवले तुम्ही," एवढंच म्हणाल्या. "माझ्या वेळेला काय लावनार?"

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. खूप वेळ लावून उभा होता. वहिनींनी मान ताठ केली, हलकं हसू आणलं. लोकांना त्या शिकवायच्या तसंच, दात न दाखवता. मग त्याने कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाला, "झकास आला." पाण्याच्या दिशेने चालायला लागला.

आजवर त्या आवाजाची चेष्टा करत आलेला मी. खट् झालं नव्हतं.

वहिनी त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भावजी, आवाज आला न्हाय ना?" मी लाटांचं काहीतरी बोललो. त्यांनी पदराची पिन काढली आणि मुठीत धरली. "असू द्या," म्हणाल्या. "त्यांना वाटतंय, काढला न्हाय तर मी जायची न्हाय."

पाऊस लागायच्या आत वहिनी गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मेणबत्तीशेजारी ठेवायला फोटो हवा होता. लग्नाचा होता, पण तो म्हणाला, ती पोरगी हाय, माझी बायको न्हाय. गाण्याच्या कार्यक्रमातले सगळे फोटो धुंडाळले. एकात ढोलकीवाल्याच्या कोपराआड त्यांचा फक्त पदर दिसत होता. शेवटी त्यांच्या बहिणीने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. ज्याने पंचक्रोशीतली माणसं भिंतीवर नीट टांगली, त्याच्या बायकोचा फोटो आधार केंद्रातल्या कुणीतरी मान वर करा म्हणत काढलेला. वहिनी त्यात भ्यालेल्या दिसत होत्या, रंगही विटलेला.

तो फ्रेमसमोर उभा राहिला. बौद्धाचार्य बसा म्हणाले तरी बसला नाही. "ही ती न्हाय," म्हणाला, आणि बाहेर गेला. मला त्याचा भयंकर राग आला. कुणी सांगितलं तर बकरीचेही फोटो काढणाऱ्या माणसाला एक बटण दाबता आलं नाही. आणि त्याच वेळी असं वाटलं की ह्याला कुशीत घेऊन रडावं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

त्याने स्टुडिओ बंद केला. ज्याचे त्याचे फोटो ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिले, कॅमेरा कुठे गेला कुणास ठाऊक. आता तो भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या एका गोदामात खोक्यांवर स्कॅनर धरतो. ड्युटी बारा तासांची, आत दिवसरात्र ट्यूबलाइट. सामन्यांना आता ड्रोन येतो. वरून सगळी माणसं टोप्यांएवढी दिसतात.

यंदा मे महिन्यात आत्या साडी नेसून मैदानावर येऊन बसली. जुन्या फोटोत मी लय तरणी दिसते, म्हणाली, लोकांना पटायचं न्हाय. त्याने कॅमेरा कायमचा सोडला, हे तिला सांगितलं नव्हतं कुणी. मीही सांगितलं नाही. बघतो, म्हटलं, आणि गाडी काढून पूर्ण्याला गेलो.

भर दुपार होती. गेटवरून निरोप पाठवला तेव्हा तो आतून आला, अंगात कंपनीचं जॅकेट, गालफडं बसलेली. आत्या वाट बघतेय, एकच फोटो, मोबाईलवर काढलास तरी चालेल, असं मी म्हटलं. त्याने गेटच्या पत्र्याच्या सावलीतून एक पाऊल बाहेर टाकलं आणि सवयीने तळहात उन्हात धरला. ऊन असं होतं की डांबर मऊ झालं होतं. त्याने हात उलटा केला, सुलटा केला, बराच वेळ बघितला आणि खिशात घातला.

"तिला सांग, उजेड न्हाय," म्हणाला, आणि आत गेला.