सापडलं तेवढं पांढरं

अंबरनाथला आमच्या कंपनीशेजारच्या शेडमध्ये एक कारागीर कात्रपच्या बागेसाठी फायबरचा डायनासोर बनवत होता. जेवणाच्या सुट्टीत मी रोज बघत उभा राहायचो. त्या अवाढव्य प्राण्याचं फक्त मांडीचं हाड आणि चार मणके सापडलेत. बाकी आकार शास्त्रज्ञांनी त्यावरून अंदाजाने काढलाय, हे त्यानेच सांगितलं. वितीने मोजून त्याने त्या सापडलेल्या हाडांचेच भाग पांढरे रंगवले.

बागेचा कंत्राटदार बघायला आला आणि भडकला, "ये क्या है? सगळा हिरवा मार!"

कारागीर ब्रश पुसत म्हणाला, "सापडलं तेवढं पांढरं, शेठ. बाकी आपला अंदाज."

शेवटी सगळा हिरवा झाला.

परवा बागेत ऊन चुकवायला डायनासोरच्या पोटाखाली बसलो. मान वर केली, तर मांडीची आतली बाजू पांढरीच होती.