कोळशावरची हद्द

रानात पाऊल टाकण्याआधी पुनूमामा गावस वाटेच्या तोंडाशी उभे राहून मोठ्याने ओरडत, "इलंय रे मी, वाट सोडा!" ही सूचना सापांना, रानडुकरांना आणि असलाच तर बिबट्याला असे. वनखात्याचा हा रक्षक रानाला भ्यायचा. विजेला भ्यायचा, साहेबांच्या जीपलाही भ्यायचा. डिचोलीतल्या त्या गावात मी शाळेवर रुजू झाले तेव्हा लोक त्यांना हसत. "हसा," ते म्हणत, "भिणारो माणूस बघून पाय टाकता."

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. डोंगरापलीकडे लोखंडाची खाण, अलीकडे सरकारी राखीव रान. गावाला पाणी देणारी झर त्या रानातूनच यायची. एका सकाळी पुनूमामा शाळेच्या दारात आले. चेहरा पांढराफटक. "बाई, हद्दीचे दगड चालाक लागले."

मी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलं. दगड दोनशे पावलं रानात सरकले होते, म्हणजे तेवढं रान खाणीकडे गेलं होतं. मुलांना झरीवर नेताना मी ते जुन्या जागी, किंदळाच्या झाडांपाशी कितीदा पाहिले होते. परतताना खाणीवरची दोन माणसं भेटली. एकाने हसून एवढंच विचारलं, "तुमचे मिस्टर आमच्याच ट्रकार ना, बाई?"

 त्या दिवसापासून नवऱ्याचा ट्रक परत येईपर्यंत मी दारातून हलत नसे.

पुनूमामांना वर कळवायचं होतं, पण लिहिता येत नव्हतं. अर्ज मी लिहून दिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. त्यांनी ते पाहिलं आणि खाली अंगठा उठवला.

मोजणीचे साहेब आले तेव्हा सगळा गाव जमला. खाणीची माणसं म्हणाली, दगड पहिल्यापासून इथेच आहेत. साहेबांनी विचारलं, "गावस, जुन्या जागी दगड पाहिलेलं आणखी कोणी आहे?"

मी समोरच उभी होते. पुनूमामांची नजर माझ्यावरून गेली, पण थांबली नाही.

"नाय साहेब. मी एकटोच."

मग त्यांनी कुदळ घेतली. जुन्या मोजणीत हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत. दगड नेला तरी कोळसा जमिनीतच राहतो. पहिला खड्डा, लाल माती. दुसरा, लाल माती. कोणीतरी हसलं. पुनूमामांचा शर्ट पाठीला चिकटला होता. तिसऱ्या खड्ड्यातून कुदळ काळी होऊन वर आली.

रान राहिलं. महिन्याभरात पुनूमामांची बदली गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, काणकोणला झाली. त्यांना निरोप द्यायला मी बसस्टँडवर गेले आणि विचारलं, "मामा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमचे पाय बघलंय मी. माज्यासारकेच कापत होते." ते बसमध्ये चढले. खिडकीतून वाकून म्हणाले, "भियालेल्या माणसाक पुढे ढकलूचा नाय, बाई. तो आपणहून येवक होयो."

पुढच्या वर्षी ते तापाने गेल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला पहिल्यांदाच सांगितलं की ते दगड जुन्या जागी मी पाहिले होते.

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "माझ्याच ट्रकात घालून हलवले ते."