वेलचीची दोन पानं आणि एक कळी

निरुता चेमजोंगला वासांचं वावडं कधीच नव्हतं. घरात किनेमाचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा वास. आईच्या, आमाच्या, अंगाला मोठ्या वेलचीचा धुरकट वास, बारा महिने. त्या वासांतच ती वाढली. तिला शिसारी बसली ती अत्तर लावलेल्या माणसांची, आणि तीही बिर्तामोडच्या कॅम्पसात, म्हणजे कॉलेजात, आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायला गेल्यावर.

तिची आमा सुकमाया नवरा गेल्यावर ताप्लेजुङच्या डोंगरातून खाली उतरली. तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं झाली, ती खरेलांच्या गोदामात जमिनीवर बसून वेलचीच्या बोंडांच्या शेपट्या कात्रीने कापते आहे. शेपटी कापली की माल देखणा दिसतो, परदेशात भाव चढतो. आमाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काळं पडलंय, वाकडं झालंय. वर्गात उप्रेती सर जागतिक बाजारपेठेवर बोलायचे, म्हणजे स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांतली पिवळी पडलेली वही वाचून दाखवायचे आणि मध्येच काडीने दात कोरायचे. वेलचीचं बोंड त्यांनी फक्त पुलावात पाहिलं होतं, आणि तिथूनही ते उचलून ताटाच्या कडेला टाकलं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहायचा असतो. तो लिहायचा नसतो, आणायचा असतो, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. कॅम्पसच्या फाटकासमोर टीकाराम दाइचं, म्हणजे टीकारामदादाचं, फोटोकॉपीचं दुकान आहे. तिथे चहाचा, आल्याचा, वेलचीचा, हवा तो प्रबंध तयार मिळतो, बांधणीसकट. निरुताला मात्र खुळ लागलं होतं. तीन महिने ती गोदामात आमाच्या शेजारी बसली, डोळ्यांनी पाहिलं आणि चौथ्या प्रकरणात उतरवलं. गेल्या वर्षीचा बुरशी आलेला माल तेलाच्या फडक्याने पुसून चकचकीत करतात. तो पोत्यात खाली, नवा वर. पोत्यावर ‘सेंद्रिय, यंदाचा’ असा शिक्का. आणि बुरशी झटकता झटकता बायका खोकून बेजार.

उप्रेती सरांनी चौथं प्रकरण तेवढं वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा काही वाचलं असावं, कारण त्यांना घाम फुटला.

“नानी,” तिकडे पोरीला लाडाने म्हणतात तसं सर म्हणाले, “हे काय लिहिलंस? खरेलसाहेब आपल्या कॅम्पसच्या समितीचे अध्यक्ष आहेत.”

“गोदाम त्यांचंच आहे ना, सर. मग त्यांचंच लिहिणार.”

“तुझी आमा तिथेच कामाला आहे ना अजून?” सरांनी अगदी गोड आवाजात विचारलं. “तिला त्रास कशाला? हे प्रकरण काढ. शेतकऱ्यांना प्रशिक्षण हवं, असं काहीतरी घाल. सगळे तेच घालतात.”

निरुताने प्रबंध उचलून पिशवीत टाकला. तिने घरी काही सांगितलं नाही. आमाने आख्ख्या गोदामाला सांगून ठेवलं होतं, की माझी पोरगी एम.ए. होणार. निरुता मुकाट टीकाराम दाइच्या दुकानात गेली.

“चौथं प्रकरण पाहिजे? शेतकरी प्रशिक्षण? हे घे, गरमागरम,” दाइ म्हणाला. “चहाचं आहे, पण काळजी नको. कॉम्प्युटरला सांगितलं, चहा दिसला की तिथे वेलची कर. एका बोटात सगळी शेती बदलते बघ, बैनी.”

घरी येऊन तिने ते वाचलं. तिसऱ्या पानावर छापलं होतं: ‘वेलचीची फक्त दोन कोवळी पानं आणि एक कळी खुडावी, तरच जागतिक दर्जा राखला जातो.’ ती एकटीच मोठ्याने हसली. चहाच्या मळ्यांच्या या झापा जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल की दोन पानं आणि एक कळी चहाची खुडतात. वेलचीची कळी येते ती झुडपाच्या बुडाशी, मातीला चिकटून. ती खुडली तर बोंड धरणार कुठून? तिने खोडायला पेन उचललं, आणि ठेवून दिलं. बघू तरी, तिच्या मनात आलं, एवढ्या विद्वानांत एकाला तरी दिसतं का. एकाने जरी विचारलं, तरी मी सगळं सांगून टाकीन.

तोंडी परीक्षेला परीक्षकांना खाऊ घालायचं ते विद्यार्थ्यानेच, अशी तिथली रीत. निरुताने मोमोच्या चार थाळ्या, सुकुटी म्हणजे सुकवलेलं मटण, आणि मिठाई मांडली. काठमांडूहून विमानाने आलेले प्राध्यापक रिमाल मोमो तोंडात कोंबत होते, हनुवटीवरून लाल चटणी ओघळत होती. प्रबंध थाळीखाली होता. म्हणजे खरोखरच खाली. थाळी डगमगू नये म्हणून तो तिच्या एका कडेखाली सरकवला होता.

“चौथं प्रकरण बघितलंत का, सर?” निरुताने आपणहून विचारलं.

“अप्रतिम!” रिमाल घास चावत म्हणाले. त्यांनी प्रबंध ओढून घेतला, तेलकट बोटाने पानं उलटली आणि नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचलं. “दोन पानं, एक कळी. वा! आमच्या शेतकऱ्याला हेच कळत नाही, म्हणून आपण मागे. उप्रेतीजी, पोरगी हुशार आहे हो.”

उप्रेती सरांनी मान डोलावली आणि मिठाईचा दुसरा तुकडा उचलला. निरुता बघतच राहिली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, तर इथे दळणाराही कुत्राच निघाला. तिने तोंड उघडलं. पण रिमालांनी तोवर सही ठोकली होती, हात धुवायला पाणी मागितलं होतं, आणि उप्रेती सर तिच्याकडे बघून म्हणत होते, “आता अध्यक्षांना भेट. त्यांच्याकडे तुझ्याजोगी एक जागा आहे.” ती पहिल्या श्रेणीत पास झाली. घरी आमाने सगळ्या आळीला तांदळाच्या पिठाची गोड सेलरोटी वाटली. निरुताने आपली शेजारच्या पोराला देऊन टाकली. दुसऱ्यांची कधी आली नव्हती एवढी किळस आता तिला स्वतःची येत होती.

दोन महिन्यांनी अध्यक्ष खरेलांनी कुठल्याशा विकास निधीतून अनुदान मिळवलं. कशाच्या जोरावर? तर निरुता चेमजोंग हिच्या प्रबंधातल्या शिफारशींच्या. कॅम्पसच्या सभागृहात फलक लागला: ‘वेलची उत्पादक व कामगार प्रशिक्षण’. डोंगरातले उत्पादक काही आले नाहीत. संख्या भरायला खरेलांनी गोदामातल्या सगळ्या बायका आणून बसवल्या. प्रत्येकीला एक टोपी आणि एक खाऊचा पुडा. निरुताला नोकरी मिळाली होती ती हजेरी घ्यायची. ती दाराशी वही घेऊन उभी होती.

उप्रेती सर माइकवर वाचू लागले. वाचता वाचता तिथे आलेच.

“वेलचीची फक्त दोन कोवळी पानं आणि एक कळी खुडावी.”

बायकांत खसखस पिकली. सुकमाया डोक्यावरची टोपी सावरत उभी राहिली. “सर, कळी खुडली तर बोंड काय आभाळातून पडणार? हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?”

सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेत बसलेले खरेलसुद्धा हसले. उप्रेती सर तर फारच खूश झाले.

“दिदी, गाढव नव्हे. तुमच्याच मुलीने लिहिलंय. पहिल्या श्रेणीत.”

सुकमायाने वळून दाराकडे पाहिलं. मग हसणाऱ्या बायकांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. “निरुताने लिहिलंय?” ती म्हणाली. “मग बरोबरच असणार. एवढी शिकली ती. आम्हाला कात्रीपलीकडे काय कळतंय?” खाली बसता बसता ती शेजारणीला समजावू लागली, “नवी पद्धत असेल गं. मी आजच गावी फोन करते. माझ्या भावाचं झुडपांचं मोठं रान आहे, यंदा तो तसंच करील.”

निरुताच्या हातातली वही खाली पडली. आपण कधी चालत सुटलो ते तिला कळलं नाही. ती बायकांच्या रांगांमधून आमासमोर येऊन उभी राहिली होती, आणि सगळे ऐकत होते.

“आमा, मामाला फोन करू नकोस. ते खोटं आहे. दुकानातून विकत आणलंय ते. चहाचं आहे. मला माहीत होतं, तरी मी ठेवलं. मी लिहिलेलं वेगळंच होतं, ह्यांच्या बुरशीच्या मालाचं. ते ह्यांनी काढायला लावलं, आणि मी काढलं.”

खरेलांचं हसू मावळलं. उप्रेती सर माइकवरून घाईघाईने म्हणाले, “चहा तयार आहे, सगळ्यांनी बाहेर चला.” एकही बाई उठली नाही.

सुकमायाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच, फक्त तिलाच ऐकू जाईल असं विचारलं,

“मग तू पास कशी झालीस, नानी?”